ऑक्टोपॅडमागचा रिकामा जॅक

हिंगणघाट, पुलगाव किंवा आर्वीच्या मैदानावर ऑर्केस्ट्रा लागतो तेव्हा ड्रमसेट मागच्या चौथऱ्यावर असतो आणि ऑक्टोपॅड त्याच्या शेजारी, हात लांबवला तर पोचेल इतक्या अंतरावर. जुनी गाणी सुरू असतात तोवर ड्रमरचा अंमल चालतो. नव्या सिनेमातले नाचाचे गाणे आले की मात्र त्याचा बेस ड्रम एकदम पोकळ वाटू लागतो, कारण मूळ गाण्यातला ठोका मशीनमधून आलेला असतो: आखूड, घट्ट, थेट छातीवर बसणारा. मग पॅडवाला तो ठोका काडीने मारतो, ड्रमर पायाने मारतो, आणि दोन्ही ठोके कधीच पुरते एकावर एक बसत नाहीत. समोर बसलेल्याला नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. गाणे सैल पडले एवढेच त्याला कळते.

यावरचा उपाय बहुतेक वेळा त्याच चौथऱ्यावर पडून असतो. ऑर्केस्ट्रात सर्रास दिसणाऱ्या ऑक्टोपॅडच्या पाठीमागे जॅकची रांग असते. आउटपुटला वायर लागते, पॉवरला ॲडॉप्टर लागतो आणि बाहेरचा पॅड किंवा ट्रिगर जोडण्यासाठी दिलेला जॅक वर्षानुवर्षे धूळ खात राहतो. बेस ड्रमच्या कडेला लहानसा सेन्सर बसवून त्याची वायर या जॅकमध्ये घातली की ड्रमरच्या पायाचा प्रत्येक ठोका ऑक्टोपॅडमधला हवा तो आवाज वाजवतो. ड्रमचा स्वतःचा आवाज तसाच राहतो, त्याच्या अंगाला दुसरा आवाज लागतो. हा सेन्सर म्हणजेच ट्रिगर. तो जोडण्यापूर्वी आपल्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत असा जॅक आहे ना आणि त्यात एक ट्रिगर चालतो की दोन, हे बघून घ्यावे. उदाहरणार्थ, रोलँडच्या एसपीडी-एसएक्सला ट्रिगरसाठी दोन स्टिरिओ जॅक आहेत आणि दुभागी वायर वापरली तर त्यांवर चार साधे ट्रिगर चालतात.

ट्रिगरच्या पोटात असते पितळेची पातळ चकती आणि तिच्यावर चिकटवलेला चिनी मातीसारखा पांढरा थर. याला पिएझो म्हणतात. काही स्फटिक दाबले की त्यांत वीज निर्माण होते, हे झाक आणि पिअर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले. ड्रमचे हेड थरारले की चकती किंचित वाकते आणि विजेचा छोटासा झटका वायरीतून मॉड्यूलकडे, म्हणजे इथे ऑक्टोपॅडकडे, जातो. मॉड्यूल त्या झटक्याची उंची मोजते, तिला १ ते १२७ यांमधला आकडा देते आणि त्या जोराने साठवलेला आवाज सोडते. म्हणजे ट्रिगर हा माइक नव्हे. तो आवाज ऐकत नाही, थरथर मोजतो. ही एक गोष्ट पक्की डोक्यात बसली की पुढच्या निम्म्या अडचणी आपोआप समजतात.

तंत्र नवे नाही. ब्रिटनच्या सिमन्स कंपनीचे षटकोनी पॅड १९८१ मध्ये आले, रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड १९८५ मध्ये. त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो फक्त दुसऱ्या यंत्राला ‘आता वाजव’ असे सांगायचा. आज आपण ऑक्टोपॅडला पेटीतली वाद्ये समजतो, पण ठोक्याचे विजेत रूपांतर करून पुढे पाठवणे हेच त्याचे मूळ काम.

बाजारात तयार ट्रिगर मिळतात. रोलँडचा आरटी-३०के बेस ड्रमसाठी, आरटी-३०एच आणि आरटी-३०एचआर स्नेअर व टॉमसाठी. हे सगळे रिमवर क्लॅम्पने बसतात. यामाहाचे डीटी-५०के आणि डीटी-५०एस हे त्याच कामाचे. ऑक्टोपॅड नसेल किंवा पॅडवाला दुसऱ्या पार्टीचा असेल तर रोलँडचे टीएम-२ हे तळहातावर मावेल एवढे मॉड्यूल दोन ट्रिगर जॅक देते, मेमरी कार्डवरून आपले आवाज वाजवते आणि चार पेन्सिल सेलवरही चालते. यामाहाच्या ईएडी१०ची रीत थोडी निराळी आहे: बेस ड्रमच्या रिमवर बसणाऱ्या एकाच डबीत माइक आणि ट्रिगर दोन्ही असतात, त्यामुळे ज्या पार्टीकडे ड्रमसाठी वेगळे माइकच नाहीत तिला ते सोयीचे पडते. कोणता घ्यावा? ज्यांच्याकडे ऑक्टोपॅड आहे त्यांनी आधी फक्त किकचा, म्हणजे बेस ड्रमचा, एक ट्रिगर घ्यावा, बाकी काहीच नाही. चार ट्रिगर एकदम विकत घेऊन त्यांतले तीन पेटीत पडून राहिल्याची उदाहरणे फार आहेत.

हाताने बनवायचा असेल तर तेही अवघड नाही. २७ किंवा ३५ मिलिमीटरची पिएझो चकती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बझरसाठी ठेवलेली असते. वर्ध्यात नाही मिळाली तर नागपूरच्या सीताबर्डीत मिळते आणि किंमत एका चहा-नाश्त्याच्या आतली. शक्यतो वायर लावलेलीच घ्यावी, कारण पांढऱ्या थरावर सोल्डरिंग आयर्न जरा जास्त वेळ टेकले तर थर तडकतो आणि चकती मुकी होते. एक मीटर शील्डवाली माइकची वायर आणि तिच्या टोकाला मोनो पी-३८ पिन घ्यावी. पांढऱ्या थराची तार पिनच्या टोकाला, पितळेच्या चकतीची तार शील्डसह पिनच्या अंगाला. जोडांवर स्लीव्ह चढवून वर गरम गोंदाचा थेंब टाकावा, म्हणजे तार हलली तरी ताण सोल्डरवर येत नाही. चकती थेट हेडवर न चिकटवता मधे दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोम टेपचा तुकडा ठेवावा. फोम थरथर गाळून देतो. नुसती चकती लावली तर एका ठोक्याला चार ठोके ऐकू येतात. असा ट्रिगर सरावाला आणि छोट्या कार्यक्रमाला उत्तम चालतो. लग्नसराईत रोज टेम्पोतून हिंडणाऱ्या पार्टीने मात्र क्लॅम्पवालाच घ्यावा, कारण रोज काढ-घाल करताना नाजूक चकती फार दिवस टिकत नाही.

वायरीबद्दल एक गोष्ट आवर्जून. ज्या ट्रिगरमध्ये हेड आणि रिम असे दोन सेन्सर असतात त्याला स्टिरिओ पी-३८ लागते, म्हणजे पिनवर दोन काळ्या पट्ट्या असलेली. मोनो घातली की रिमचा आवाज येत नाही आणि माणूस अर्धा तास सेटिंगमध्ये चूक शोधत बसतो.

आता ड्रमकडे. ट्रिगर लावण्याआधी ड्रम सुरात लावायला हवा, हे वाक्य वाचून पुष्कळजण पान उलटतील, पण सगळ्या तक्रारींचे मूळ इथे आहे. ढिले, एका बाजूला ताणलेले हेड ठोक्यानंतर लांबवर थरथरत राहते आणि ट्रिगरला ती थरथर दुसरा ठोका वाटते. चावी घेऊन समोरासमोरच्या खुंट्या पाळीपाळीने पिळाव्यात, प्रत्येक खुंटीजवळ काडीने टिचकी मारून एकच सूर येतो का ते ऐकावे. बेस ड्रममध्ये छोटी उशी किंवा घडी केलेली चादर हेडला जेमतेम टेकेल अशी ठेवावी. टेम्पोच्या धक्क्यांनी खुंट्या सैल होतात. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याखाली ठेवलेल्या ड्रमचा सूर तर हमखास हलतो. म्हणून घरी सगळे लावून नेले तरी कार्यक्रमाच्या जागी आधी चावी, मग सेटिंग, हाच क्रम. त्याच उन्हात फोम टेपचा डिंक पातळ होऊन चकती सरकते, तेव्हा टेपचा नवा तुकडा खिशात असावा.

किकचा ट्रिगर रिमच्या वरच्या किंवा बाजूच्या भागी बसवावा, पेडलच्या बीटरपासून दूर. सेन्सरचा फोम हेडला टेकलेला हवा, रुतलेला नको. अंगठ्याने हलके दाबून सोडल्यावर हेड मोकळे हलते का ते पाहावे. फार घट्ट केला तर मऊ ठोके हरवतात, फार सैल ठेवला तर सेन्सर हेडवर उड्या मारतो. स्नेअरचा ट्रिगर वाजवणाऱ्याच्या समोरच्या कडेला ठेवावा, जिथे काडी सहसा पडत नाही. वायर स्टँडला एक वेटोळे देऊन बांधावी. कुणाचा पाय अडकला तर ओढ स्टँडवर यावी, जॅकवर येऊ नये.

मॉड्यूलमधल्या सेटिंगची नावे इंग्रजी असतात आणि आकडे पाहून घाबरायला होते, पण काम पाचच गोष्टींचे आहे आणि ते कानाने करायचे आहे. पहिल्यांदा ट्रिगरचा प्रकार निवडावा. यादीत आपला ट्रिगर नसेल तर त्याच्या सर्वांत जवळचा. मग सेन्सिटिव्हिटी. ड्रमरने कार्यक्रमात मारतो तसा सगळ्यात जोराचा ठोका मारावा आणि तेव्हाच मीटर टोकाला पोचेल एवढी ती ठेवावी. ती फार वाढवली तर हळू काय आणि जोरात काय, सगळे ठोके एकाच जोराचे होतात, आणि ट्रिगर लावलेला ड्रम ‘मशीनसारखा’ वाजतो अशी जी तक्रार ऐकू येते तिचे कारण बहुतेक हेच असते.

तिसरी थ्रेशोल्ड, म्हणजे किती बारीक थरथर सोडून द्यायची तो उंबरा. तो शून्यापासून हळूहळू वर न्यावा. शेजारचा टॉम मोठ्याने वाजवला तरी किकचा आवाज उमटत नाही तिथे थांबावे, त्यापुढे एक पायरीही जाऊ नये. चौथी मास्क टाइम: एक ठोका ओळखल्यावर किती मिलिसेकंद डोळे मिटून घ्यायचे. किकला ३० ते ४० मिलिसेकंदांपासून सुरुवात करावी. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत डबल पेडलने एका मात्रेत चार ठोके वाजवले तरी दोन ठोक्यांत ७५ मिलिसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे या आकड्याने खरा ठोका गिळला जात नाही. पाचवी क्रॉसटॉक. बेस ड्रमवरच टॉम बसवलेला असेल तर एकाची थरथर दुसऱ्यात जाते. ती या सेटिंगने कापता येते, पण आधी टॉम वेगळ्या स्टँडवर नेता येतो का ते पाहावे. लोखंडाने सुटणारी गोष्ट आकड्यांनी सोडवायला जाऊ नये.

नागपूर-वर्धा पट्ट्यातल्या धुमालवाल्यांना, म्हणजे गाडीवर वाजवत जाणाऱ्या पार्ट्यांना, एकाची थरथर दुसऱ्यात जाण्याचा हा त्रास सगळ्यात जास्त होतो. गाडीच्या एकाच सांगाड्यावर ढोल, पॅड, स्पीकर सगळे बसलेले. इंजिनची घरघर, रस्त्याचे खड्डे आणि खाली बेसचे डबे. अशा गाडीवर थ्रेशोल्ड बराच वर ठेवावा लागतो आणि ड्रमच्या पायांखाली जाड रबर मॅट हवीच. स्थिर स्टेजवरही असेच घडते: बेसचा स्पीकर चौथऱ्याला टेकून ठेवला की त्याच्या हादऱ्याने किकचा ट्रिगर उठतो, त्या आवाजाने स्पीकर पुन्हा हादरतो आणि ड्रमरने पाय उचललेला असतानाही किक धडधडत राहते. साउंडवाल्याला सांगून तो डबा जमिनीवर, चौथऱ्यापासून दोन-तीन हात लांब सरकवून घ्यावा.

आवाजाची निवड हा ज्याच्या-त्याच्या कानाचा भाग, तरी एक सूचना उपयोगी पडेल. ऑक्टोपॅडमधला सगळ्यात भारी, सगळ्यात लांब घुमणारा किक निवडण्याचा मोह टाळावा. आपल्या ड्रममध्ये जे कमी आहे तेवढेच बाहेरून घ्यावे. ड्रममध्ये गाभा आहे पण टोक नाही, तर टिचकीसारखा आखूड आवाज. टोक आहे पण वजन नाही, तर खालच्या सुराचा. निवडलेल्या आवाजाचा सूर ड्रमच्या जवळ आणून ठेवावा. मग माइक आणि ट्रिगर मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलवर घेऊन एकदा माइकच्या चॅनेलचे फेजचे बटण दाबून पाहावे. दोन्हींपैकी ज्या स्थितीत किक भरून येते ती ठेवावी. कधी दोन्ही मिळून आवाज उलट पातळ होतो. मॉड्यूलला ठोका ओळखून आवाज सोडायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात माइकचा आवाज पुढे निघून गेलेला असतो, त्यातून हे होते. डिजिटल मिक्सर असेल तर माइकला तेवढाच उशीर द्यावा. वाजवणाऱ्याला मात्र हा उशीर सहसा जाणवत नाही: आवाज हवेत एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे ५ मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकर पावणेदोन मीटर लांब असल्यासारखा.

स्नेअरच्या बाबतीत जपून. किकला हलके-जोराचे मोजकेच प्रकार असतात, पण स्नेअरवर काडी घासते, निसटते, बोटभर उंचीवरून पडते. विदर्भात तुकडोजी महाराजांच्या भजनांची खंजिरी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. एकाच हातातल्या त्या लहान वाद्यातून बोटांच्या जोराप्रमाणे किती छटा निघतात ते गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही ऐकता येते. अशा बारीक कामाला ट्रिगर पुरा पडत नाही. म्हणून स्नेअरचा मूळ आवाज माइकवरूनच मोठा ठेवावा आणि ट्रिगरवर टाळी किंवा इलेक्ट्रॉनिक स्नेअर फक्त तोंडी लावण्यापुरता. भजनाच्या, गझलेच्या कार्यक्रमात तर तो चॅनेल बंदच बरा. झांजांना ट्रिगर लावण्याच्या फंदात पडू नये, त्यांना चांगला माइकच लागतो.

१४ एप्रिलची भीमगीतांची रात्र, गणपतीतले कार्यक्रम किंवा सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्यासारखी मोठी गर्दी, अशा ठिकाणी वीज अनेकदा जनरेटरची असते. अर्थिंग नीट नसेल तर ट्रिगर लावल्यावर स्पीकरमध्ये भुणभुण सुरू होते. मॉड्यूलचा आउटपुट डीआय बॉक्समधून मिक्सरला द्यावा आणि भुणभुण राहिली तर बॉक्सवरचे ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे. प्लगची अर्थची पिन मोडून भुणभुण घालवण्याची रीत जिवावर बेतू शकते, ती कुणीच करू नये. ॲडॉप्टर बदलताना व्होल्टबरोबर ध्रुवही पाहावा. रोलँडच्या ९ व्होल्टच्या ॲडॉप्टरमध्ये पिनचा मधला भाग ऋण असतो; मधला भाग धन असलेला दुसरा कुठला हाताशी आला म्हणून लावला तर मॉड्यूल जळू शकते. टीएम-२ सेलवर चालवले तर ही धास्तीच नाही.

ट्रिगरचा आणखी एक उपयोग कार्यक्रमाइतकाच मोलाचा आहे, तो म्हणजे घरचा सराव. सेवाग्राम, सावंगी किंवा वर्धा शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ड्रम वाजवायची सोय कुठे असते? ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ वाद्यांवर कडक बंधने आहेत. ड्रमची हेड काढून त्यांच्या जागी जाळीची हेड बसवली, प्रत्येक ड्रमला ट्रिगर लावला आणि हेडफोन घातला की शेजाऱ्याला काडीच्या हलक्या थापेपलीकडे काही ऐकू जात नाही. अशी जाळी रोलँडने १९९७ च्या व्ही-ड्रममध्ये आणली. आज ती सुटी मिळते आणि नेहमीच्या चावीने बसते. पायाचा धक्का मात्र जमिनीतून खालच्या मजल्यावर जातोच, तिथे पेडलखाली जाड मॅट किंवा जुनी गादी घालावी. लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी मिडीमध्ये किकला ३६ आणि स्नेअरला ३८ हे क्रमांक ठेवावेत, म्हणजे बहुतेक सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये योग्य ड्रम वाजतो.

पहिल्याच कार्यक्रमात सगळी गाणी ट्रिगरवर घेऊ नयेत. तालमीत तीन गाणी निवडावीत आणि त्यांचे तीन आवाज ऑक्टोपॅडच्या सलग किटवर साठवावेत, म्हणजे गाण्यांच्या मध्ये पॅडवाल्याला एकच बटण दाबावे लागते. पॅडवाला आणि ड्रमर यांनी हे आधी बसून ठरवावे: किक आता ड्रमरची, पॅडवाल्याचे हात टाळी, टिमकी आणि बाकीच्या रंगांसाठी मोकळे. जमलेल्या सेटिंगच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण धक्क्याने किंवा दुसऱ्याच्या हाताने आकडे बदलतात. साउंड चेकच्या वेळी साउंडवाल्याला एकदा ट्रिगरचा चॅनेल पूर्ण बंद करायला सांगून तेच गाणे वाजवावे. ट्रिगर ऐन रंगात बंद पडला तर मागे काय उरते, ते त्या दोन मिनिटांत कळते आणि माइकची जागा बदलायला तेव्हा अजून वेळ असतो.

कार्यक्रम संपल्यावर रात्री दोनला सगळ्यांना घाई असते. तरी ट्रिगर रिमवर तसाच ठेवून ड्रम पिशवीत घालू नये. क्लॅम्प सैल करून तो वेगळ्या डब्यात, वायर गोल गुंडाळून, बरोबर एक जादा चकती, फोम टेप आणि दोन पी-३८ वायरी. हा डबा टेम्पोत मागे न टाकता ड्रमरने आपल्याजवळ ठेवावा.